ति-प्वा

नकाशावर बोट टेकवलं की झाकून जातं.
निळ्या कागदावर सांडलेला शाईचा कण.
क्रिओलमधलं नाव ति-प्वा,
म्हणजे बारका वाटाणा.
माहेहून दोन रात्री बोटीनं,
आणि तिसऱ्या पहाटे आधी वास येतो,
मग कलकलाट,
बेट सगळ्यात शेवटी.

इथे कुणी राहत नाही,
असं सरकारी यादीत लिहिलंय.
एल्विना दर जुलैत ते वाचते
आणि टोपीवरची शीट पुसते.

लांबी नऊशे पावलं.
रुंदी ओहोटीला विचारून सांगावी लागते.
गोडं पाणी नाही. सावली आहे, ती भाड्यानं,
दुपारी पक्षी परतले की सोडावी लागते.
पूर्वेच्या लाटा प्रवाळाचा चुरा करतात
आणि पश्चिमेला नेऊन ओततात,
म्हणजे बेट चाललंय, झोपेत कूस बदलल्यासारखं.
गेल्या वर्षी कोरड्या वाळूत रोवलेला खांब
आता गुडघाभर पाण्यात उभा आहे.
एल्विना त्याला नमस्कार करते, थट्टेत.

पांढरी कुररी घरटं बांधत नाही.
उघड्या फांदीवर, जिथे खळगासुद्धा नाही,
एकच अंडं ठेवते.
वारा सुटतो, फांदी हलते,
अंडं हलतं,
एल्विनाच्या पोटात काहीतरी हलतं.
कुररी दुसरीकडेच बघत असते.

झाडं एकाच जातीची, मापू.
खोड हत्तीच्या पायासारखं, आतून भुसभुशीत,
आणि बिया अशा चिकट
की नॉडीच्या पिसांना धरून समुद्र ओलांडतात.
कधी कधी जास्तच धरतात.
मग पक्षी बुंध्याशी पडून राहतो,
रात्री खेकडे येतात,
पुढच्या पावसापर्यंत तिथे माती.
फांदीवर बसू देणारं झाड
मुळांनी हिशेब चुकता करतं.

नियम असा: हात लावायचा नाही, मोजायचं.

आज एक सापडला. श्वास चालू.
पंख दुमडलेले, बियांनी शिवलेले,
डोक्यावर ती राखाडी-पांढरी टोपी,
आणि डोळा. तोही मोजत होता.
एल्विनानं वहीत लिहिलं: एक.
मग खोडलं.
मग तंबूतून खोबरेल तेल आणि दात घासायचा ब्रश आणला.

ओरेल, बोटवाला, दुरून बघत होता.
म्हणाला, "माझा आजा इथे खणायला यायचा.
शेकडो वर्षांची शीट, दगड झालेली,
पोत्यात भरून जहाजात.
तीन हंगामांत बेट माणूसभर खाली आलं.
कुठल्या तरी थंड देशात
त्यावर बटाटे पिकले म्हणे."
तो वाळूवर थुंकला, मग पायानं झाकलं.
"तू एकटीच्या ब्रशानं काय करणार?"

ती उत्तरली नाही. पाऊण तास लागला.
शेवटची बी निघाली तेव्हा
नॉडीनं तिचं बोट फोडलं,
चांगलं, रक्त येईपर्यंत,
आणि जाऊन पुन्हा त्याच मापूवर बसला.

रात्री आकाश इतकं जवळ होतं
की फ्रिगेट पक्षी त्याला अडकून झोपले असावेत.
कासवीण एक आली, वाळू उपसत,
जड, लाजल्यासारखी हुंदके देत,
आणि पहाटे गेली,
मागे रणगाड्याच्या चाकांसारखी खूण ठेवून.

सकाळी टूथपेस्टचं झाकण सापडेना.
एल्विनानं सगळं सामान उलथंपालथं केलं.
ओरेलनं नुसतं बोट दाखवलं:
निळं झाकण भरतीच्या रेषेवरून
तुरुतुरु चाललं होतं,
खाली सहा पाय, पुढे दोन डोळे,
घर बदललेल्या माणसाची घाई.

तिनं वही उघडली.
खोडलेला एक तसाच ठेवला.
खाली लिहिलं, झाकण: देऊन टाकलं.
बोटीचं इंजिन तिसऱ्या खेचेला सुरू झालं.
खांब आणखी थोडा बुडाला होता,
किंवा भरती होती.